आर्गॉन काही करत नाही

भडगावजवळच्या आमच्या खेड्यात माझ्या नोकरीविषयी वडिलांना कुणी विचारलं, की ते थोडे अडखळायचे. पोरगा बी.एस्सी. झालेला, घराण्यातला पहिलाच, जळगावला एमआयडीसीत कामाला, इथपर्यंत सगळं नीट जायचं. पुढचा प्रश्न असायचा, की तो विकतो काय. एकदा त्यांनी मलाच सगळ्यांदेखत विचारलं, "हवा इकस का रे तू?"

मी म्हटलं, हवा नाही, हवेतले वेगवेगळे वायू.

"म्हंजे हवाच ना," वडील म्हणाले, आणि पारावरचे सगळे हसले. मीही हसलो. शेतावर राबून ज्यांनी मला शिकवलं, त्यांना एवढं म्हणायचा हक्क होता. शिवाय ते चूक नव्हतं. आर्गॉन हवेतूनच काढतात. हवा अतिशय थंड करून तिचा पाण्यासारखा द्रव करायचा आणि मग एकेक वायू वेगळा उकळून घ्यायचा. शंभर भाग हवेत जेमतेम एक भाग आर्गॉन असतो. आम्ही तो मुंबईकडून भरून आलेल्या निळ्या सिलिंडरांत विकत होतो. या सिलिंडरांना आमच्या धंद्यात सगळे बाटला म्हणतात.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. आमच्या एजन्सीत ऑक्सिजन, अॅसिटिलीन, नायट्रोजन हा रोजचा माल. आर्गॉन तेव्हा खानदेशात नवा होता. मालक गुजराती. त्यांना सगळे शेठ म्हणायचे. त्यांनी मला नोकरीवर ठेवलं ते गिऱ्हाइकाला समजावून सांगायला. "तू केमिस्ट्री शिकलास ना, मग बोल," असं ते म्हणायचे. मी बोलायचो. जळगावच्या कॉलेजात आमच्या सरांनी आवर्त सारणीतला शेवटचा उभा रकाना इतका सुंदर शिकवला होता, की बोलायला मला आवडायचंही.

त्या रकान्यात सहा वायू. वरून खाली हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन. आमच्या पुस्तकात त्यांना निष्क्रिय वायू म्हटलं होतं, पुढे मुलांच्या पुस्तकात राजवायू असं नाव दिसलं. यांच्या अणूचं बाहेरचं कवच भरलेलं असतं, म्हणून ते कुणाकडून इलेक्ट्रॉन घेत नाहीत आणि कुणाला देत नाहीत. रकान्यात खाली जाल तसा अणू मोठा आणि जड होत जातो, आणि वायूचं द्रव करणं सोपं होत जातं. हेलियम हवेपेक्षा इतका हलका, की फुगा वर नेतो. आर्गॉन हवेपेक्षा जड, आणि झेनॉन तर फारच जड. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत यावर मला पैकीच्या पैकी गुण होते. हे सांगतो आहे ते अभिमानासाठी नाही, पुढे काय झालं ते कळावं म्हणून.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एका टॉकीजचे मॅनेजर एकदा टॉवेलात गुंडाळलेला मोठा दिवा घेऊन आले. त्यांच्या प्रोजेक्टरमध्ये आधी कार्बनच्या कांड्या जाळत, आता झेनॉनचा दिवा आला होता आणि तो गेला होता. त्यांचं म्हणणं, यातला गॅस संपलाय, भरून द्या. मी तो हातात घेऊन खालीवर करून पाहिला. नंतर वाचनात आलं, की तो दिवा थंड असतानाही आत गॅस दाबाखाली भरलेला असतो आणि ठेच लागली तर काच बॉम्बसारखी फुटते. मॅनेजर तो पुन्हा टॉवेलात गुंडाळून एसटीने घेऊन गेले होते.

साडीच्या दुकानाचे एक मालक होते. त्यांना पाटीवर निळा निऑन हवा होता. निऑन तांबड्या नारिंगी रंगाचाच पेटतो, निळा हवा तर नळीत आर्गॉन आणि थोडा पारा लागतो, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग त्याला निऑन का म्हणतात? अशा वेळी मी गोंधळायचो, पण तो गोंधळ मला आवडायचा. घरी जाऊन पुस्तक काढावंसं वाटायचं.

धुळ्याचे नाना मिस्त्री हे माझं सगळ्यांत आवडतं गिऱ्हाईक. पारोळा रस्त्याला त्यांचा फॅब्रिकेशनचा कारखाना होता. पत्र्याच्या छपराखाली सातआठ माणसं. नानांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण हात असा की पत्रा त्यांचं ऐकायचा. त्यांना डेअरीच्या दुधाच्या टाक्यांचं काम मिळत होतं. स्टेनलेस स्टील साध्या रॉडने जोडलं की सांधा काळा पडतो, त्यात दूध अडकतं, नासतं. म्हणून तिथे आर्गॉन वेल्डिंग लागतं. टॉर्चमधून, म्हणजे वेल्डरच्या हातातल्या हत्यारातून, आर्गॉन सोडायचा, तो तापलेल्या धातूभोवती पांघरुणासारखा राहतो, हवेतला ऑक्सिजन आत येऊ देत नाही, आणि सांधा चांदीसारखा निघतो. पलीकडच्या बाजूने सांधा काळा पडू नये म्हणून वेगळ्या नळीने तिथेही आर्गॉन सोडतात.

नाना नव्या वस्तूला बिचकत. "हा पेटतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही नाना. पेटत नाही, पेटू देत नाही. याचं कुणाशी देणं नाही, घेणं नाही."

"मग हा गॅस आहे का बैरागी?"

माणसं हसली. नानांनी मला एक पत्रा आणि पांढरा ऑइलपेंट दिला. माझं अक्षर चांगलं म्हणून. सगळ्या बाटल्यांबद्दल एकेक ओळ लिहून द्या, पोरं येताजाता वाचतील, असं ते म्हणाले. मी लिहिलं: ऑक्सिजन – तेल, ग्रीस लांब ठेवा. अॅसिटिलीन – बाटला आडवा करू नका. आर्गॉन – काही करत नाही.

ती पाटी बाटल्यांच्या मागच्या भिंतीवर लागली. प्रत्येक वेळी गेलो की मी ती पाहायचो.

आर्गॉन वेल्डिंग शिकला तो सुपडू. शिरपूरकडचा, तिशीच्या आतबाहेरचा, कमी बोलणारा. त्याला दोन मुली होत्या. वेल्डिंग करताना त्याचा हात लिहिणाऱ्या माणसासारखा टेकलेला असायचा आणि टॉर्चचं टोक केसभरही हलायचं नाही. त्याने जोडलेल्या टाकीत तुम्ही बोट फिरवलं तरी सांधा कुठे आहे ते कळत नसे. नाना त्याला डेअरीच्या इंजिनियरसमोर मुद्दाम उभा करत.

आणखी एक माणूस सांगायला हवा. लोटन आबा. वय झालेले, कारखान्याचे राखणदार. तरुणपणी ते विहिरी खोदायचे. जुन्या विहिरीत किंवा धान्याच्या पेवात माणूस उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून सोडायचा, तो विझला तर उतरायचं नाही, ही त्यांची रीत. उतरणाऱ्याला दोर बांधायचा तो काखेतून, कमरेला नाही. कमरेला बांधला तर बेशुद्ध माणूस दुमडून वर येतो आणि अडकतो. हे त्यांनी मला चहा पिताना सांगितलेलं.

त्या दिवशी मी बाटले पोचवायला ट्रकबरोबर धुळ्याला गेलो होतो. कारखान्यात दुधाची एक आडवी टाकी तयार होत होती. वरच्या बाजूला माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड. सुपडू सकाळपासून आत झोपून तळाचा सांधा मारत होता. दुपारी तो जेवायला बाहेर आला. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता, जेवण लांबलं. आर्गॉनची नळी आतच राहिली होती आणि तिची चावी पूर्ण बंद नव्हती. हे आम्हाला मागाहून कळलं. तिथे आवाज नाही, वास नाही, रंग नाही. कळणार तरी कसं?

सुपडू पुन्हा टाकीवर चढला तेव्हा लोटन आबा उठून आले. "नाना, पहिले कंदील सोडी देखा," ते म्हणाले. "इहीरमा मानूस उतारानं पहिले दिवा उतारतस. दिवा इझना ते मानूस बी इझस."

नाना घुटमळले. रॉकेलच्या कंदिलाची काजळी आणि वास पॉलिश केलेल्या टाकीत बसला तर इंजिनियर टाकी परत करील, अशी त्यांना भीती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुपडूनेही पाहिलं. टाकीच्या तोंडात एक पाय टाकून तो थांबला होता. "साहेब, काय करू?" एवढंच तो म्हणाला.

मी हसलो. हे मी नीट लिहितो आहे. फार मोठ्याने नाही, पण हसलो. आणि म्हणालो, "आबा, ही विहीर नाही. विहिरीतला वायू वेगळा. आर्गॉन विषारी नाही."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. आजही कुठल्याही प्राध्यापकाला विचारा.

आबांनी वाद घातला नाही. फक्त दोर आणला आणि सुपडूच्या काखेतून बांधला. म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून सुपडूने तो बांधू दिला. मग तो आत उतरला. आम्ही नव्या बाटल्यांच्या पावतीवर सही करत होतो. टॉर्चचा आवाज येईना, म्हणून आबांनी हाक मारली. ओ आली नाही. मी तोंडाशी जाऊन पाहिलं. सुपडू तळाशी कुशीवर पडला होता, झोपल्यासारखा. धडपड केल्याची एकही खूण नाही.

मी आत पाय टाकला. आबांनी मला मागून पट्ट्याला धरून खेचलं, इतक्या जोरात की मी खाली पडलो. "एकना दोन करू नका," ते म्हणाले, आणि दोर ओढायला लागले. नाना आणि दोन कामगार धावले. सुपडू सरळ वर आला, दोन्ही हात डोक्याच्या बाजूला, आणि त्या तोंडातून बाहेर निघाला. ओठ निळे होते. श्वास नव्हता. आबांनी त्याला पालथं केलं, पाठ दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. मी शेजारी उभा होतो. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायची लाज वाटते. आर्गॉन कशाशीच क्रिया करत नाही, मग याला काय झालं, असा विचार मी करत होतो. अगदी परीक्षेत प्रश्न आल्यासारखा.

सुपडूने एक लांब, घरघरता श्वास घेतला.

टेम्पोत घालून आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होते. त्यांनी ऑक्सिजन लावला आणि विचारलं, कुठला गॅस होता? मी म्हटलं, आर्गॉन. त्यांनी विचारलं, तो काय करतो?

"काही करत नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी एकदा सुपडूकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे आत हवा नव्हती." एवढं साधं होतं. जड वायू तळाशी साचला, त्याने हवा वर ढकलली. त्याने काहीच केलं नाही, तो फक्त तिथे होता. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला कुणी शिकवली नव्हती. गुदमरल्याची जाणीव आपल्याला ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही, शरीरातला कार्बन डायऑक्साइड साठला की होते. आर्गॉनमध्ये तो श्वासावाटे निघून जात राहतो. म्हणून माणसाला काही जाणवत नाही. घाबरायलाही वेळ मिळत नाही.

सुपडू वाचला. पण त्याच्या डोक्यातून त्या दिवसाची सकाळ आणि दुपार पुसली गेली. आणि उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कमी होईल. थोडा कमी झाला. टॉर्च धरण्याइतका कधीच झाला नाही.

आठवड्याने मी पाटी बदलायला धुळ्याला गेलो. ब्रश हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. 'आर्गॉन – धोकादायक' लिहिलं तर ते खोटं वाटायचं. 'विषारी नाही, परंतु' इथपर्यंत यायचो आणि परंतुच्या पुढे काय लिहावं ते सुचायचं नाही. मी काय चुकीचं लिहिलं होतं, हेच मला सापडत नव्हतं. शेवटी नानांनी ब्रश काढून घेतला आणि आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: आर्गॉन – आधी हवा मारा, मग उतरा. कॉम्प्रेसरची नळी आत सोडून टाकी धुवून काढल्यासारखी हवा मारायची, असा त्याचा अर्थ. त्या कारखान्यात सगळ्यांना तो कळत होता.

शेठनी माझ्याकडे लेखी अहवाल मागितला. तो मी चांगल्या अक्षरात दिला. त्यात एक वाक्य होतं: 'ज्येष्ठ कामगाराने प्रवेशापूर्वी दिव्याची चाचणी घेण्यास सुचविले होते, परंतु वेल्डरने ती न घेता टाकीत प्रवेश केला.' हेही खरं होतं. नानांकडे त्याची प्रत गेली, ती कुणीतरी कामगारांना वाचून दाखवली. ते वाक्य कारखान्यात फिरलं, मग सुपडूच्या गावापर्यंत गेलं. आबांनी सांगितलं होतं, सुपडूने ऐकलं नाही. स्वतः सुपडूला काही आठवतच नव्हतं. त्याने ते मान्य केलं. नानांना खरं माहीत होतं, पण कंदील त्यांनाही नको होता, म्हणून त्यांनी ते वाक्य तसंच राहू दिलं. लोटन आबांनाही खरं माहीत होतं. ते मला भेटले की राम राम करायचे, पण पूर्वीसारखं चहाला बसवायचे नाहीत. दोन वर्षांनी ते वारले.

त्यानंतर मी खूप शिकलो आणि बऱ्याच जणांना शिकवलं. नव्वदच्या दशकात जळगाव, धुळे, शिरपूरकडे जिथे जिथे आर्गॉन गेला, तिथे मी स्वतः जाऊन टाकीत उतरण्याची शिस्त लावली. शेठनी माझं कौतुक केलं. माझ्यामुळे चारदोन जीव वाचले असतील असं लोक म्हणतात. मला ते खरं मानावंसं वाटतं आणि मानताही येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा असतात, ते मला कळलेलं नाही.

शिरपूरला कामासाठी गेलो असताना एकदा मी सुपडूच्या गावचा रस्ता धरला. दहाएक वर्षं झाली होती. तो भावाच्या पीठगिरणीवर बसत होता. मला पाहून गिरणी बंद केली, डोक्यावरचं पीठ झटकलं, बाहेरच्या बाजेवर बसवलं. चहा आला. त्याने कपबशी दोन्ही हातांनी धरली. मुली मोठ्या झाल्या होत्या, थोरली बारावीला, सायन्सला. हे त्याने फार कौतुकाने सांगितलं. तुमच्यासारखी बी.एस्सी. करायची म्हणते, असंही म्हणाला.

मग आपणहून म्हणाला, "मन्हीच चूक ना साहेब. आबानी सांगेल व्हतं, मी आयकं नई."

इतकी वर्षं मी त्याच्याशी शहरातली मराठी बोलत आलो होतो. साहेब म्हणून. त्या दिवशी तोंडातून आमच्या घरची बोली आली. "तू आयकं नई आशे नई, सुपडू. तू मन्हाकडे देखं. काय करू म्हनी इचारं. आनि मी हासनू."

तो चिडला नाही. मला वाटतं, तो गोंधळला. मी कधीपासून जसा आहे, तसा.

"मंग आते पोरीसले काय सांगू?" तो म्हणाला. मोठ्या माणसांचं ऐकावं, नाही तर बापासारखं होतं, असं तो मुलींना लहानपणापासून सांगत आला होता. त्याच्या थरथरत्या हाताचा तेवढा एक उपयोग त्याने केला होता, आणि मी तोही काढून घेत होतो.

कपबशी खाली ठेवून तो म्हणाला, "तवय जशे लिखेल व्हतं, तशे हाई बी लिखी द्या."

गिरणीतल्या वहीचा कागद त्याने फाडून दिला. मी खिशातलं पेन काढलं आणि लिहायला लागलो. घटना, जागा, टाकी, लोटन आबा, कंदील. अक्षर अजून चांगलं होतं. खाली सही केली, सहीपुढे सवयीने बी.एस्सी. लिहिलं. सुपडूला वाचता येत होतं, पण त्याने थोरलीला हाक मारली. ती घरातून आली, उभ्याने कागद घेतला आणि शाळेत धडा वाचतात तशी स्पष्ट आवाजात वाचू लागली. शेवटी आलं: 'वेल्डरने याबाबत विचारणा केली असता आर्गॉन विषारी नसल्याचे सांगण्यात आले व सूचना हसण्यावारी नेण्यात आली.'

ती थांबली. पुन्हा एकदा ते वाक्य मनात वाचलं असावं. मग माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "पण सांगितलं कोणी?"

मी मुद्दाम तसं लिहिलं नव्हतं. देवाशपथ सांगतो, मी सगळं कबूल करायलाच बसलो होतो. हात आपोआप तसा चालला होता. मी तिच्याकडून कागद परत घेतला, ते वाक्य खोडलं आणि वर माझं पूर्ण नाव लिहून पुढे लिहिलं, की विचारल्यावर मी हसलो, आर्गॉन विषारी नाही म्हणालो आणि त्याला उतरू दिलं.

मुलीने ते वाचलं आणि कागद बापाला दिला. सुपडूने त्याची घडी घालायला सुरुवात केली. हात थरथरत होता, कडा जुळत नव्हत्या. मुलीने मदतीला हात पुढे केला, पण त्याने नको म्हणून मान हलवली. आम्ही दोघं थांबलो. घडी झाल्यावर त्याने कागद शर्टाच्या खिशात ठेवला, दळण पडलंय म्हणाला, आणि आत जाऊन गिरणी सुरू केली.